भंगारातला उजेड

मंडळी, महिनाभर इकडे काही लिहिलं नाही, कारण सगळे शनिवार-रविवार एका मेलेल्या प्रोजेक्टरमध्ये गेले. बायकोच्या मते ते वाया गेले. माझ्या मते नाही. पण त्या खटाटोपातून एका गोष्टीबद्दल माझं मत मात्र पक्कं झालंय, ते आज लिहून टाकतो.

सुरुवात जानेवारीत झाली. ओळखीच्या एका क्लासने जागा सोडली आणि सामान भंगारात काढलं. त्यात एक प्रोजेक्टर होता. चालू व्हायचा, पण पडद्यावर सगळीकडे पांढरे ठिपके, जणू कुणी मीठ सांडलंय. ज्यांनी डीएलपी प्रोजेक्टर वापरलेत त्यांना हे दुखणं माहीत असेल. आत नखाएवढ्या चिपवर लाखो बारीक आरसे असतात. ते एकेक करून अडकून बसायला लागले की ठिपके वाढत जातात. चिप बदलायचा खर्च ऐकून मालकाने हात जोडले आणि ती वस्तू माझ्या घरी आली.

आता गंमत अशी की चित्र बिघडलं म्हणजे उजेड बिघडला असं नाही. बहुतेक प्रोजेक्टर भंगारात जातात तेव्हा त्यांचा उजेड देणारा भाग अजून धडधाकट असतो. नोकरी सुटलेल्या माणसासारखा. काम नाही, पण हातपाय शाबूत.

अर्थात हे सगळ्याच प्रोजेक्टरना लागू नाही. जुन्यात असतो तो यूएचपी दिवा. फिलिप्सने १९९५ मध्ये आणला आणि पुढची पंधरा-वीस वर्षं ऑफिसातले, कॉलेजातले जवळपास सगळे प्रोजेक्टर त्याच्यावर चालले. चिंचोक्याएवढ्या काचेच्या फुग्यात पारा, आणि दिवा तापला की आत सुमारे २०० वातावरणांचा दाब. तो दोन-चार हजार तास चालतो आणि म्हातारा झाला की फुटूही शकतो. त्यातून काही काढायच्या भानगडीत पडू नका. तो सरळ ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

दुसरे ते हल्ली ऑनलाइन चार-पाच हजारांत मिळणारे स्वस्त प्रोजेक्टर. त्यांच्यात एक मोठा पांढरा एलईडी आणि त्याच्यापुढे मोबाइलच्या स्क्रीनसारखा एलसीडीचा तुकडा असतो. धुळीने पंखा गुदमरतो, उष्णतेने एलसीडी करपते, चित्र पिवळं पडतं आणि मालक वैतागून फेकून देतो. एलईडीला काहीही झालेलं नसतं. असा एक मला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात मिळाला. विकणारा म्हणाला, "चालत नाही साहेब, पार्टसाठी न्या." मला पार्टच हवा होता!

तो एलईडी काढला, त्याच्याच हीटसिंकवर ठेवला, जुनी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि करंट ठरावीक राखणाऱ्या ड्रायव्हरवर जोडला. इथे एक फुकटचा सल्ला. एलईडीला थेट व्होल्टेज देऊ नका, करंट बांधून द्या. आणि प्रोजेक्टरमध्ये त्याला जेवढा करंट मिळायचा त्याच्या निम्माच द्या. प्रोजेक्टर त्याला पिळून काढत असतो. निम्म्या करंटवर उजेड निम्म्याहून थोडा जास्तच मिळतो, तापतो मात्र निम्म्याहून कमी आणि टिकतो खूप. माझ्या टेबलावरचा दिवा आज तोच आहे. या ओळी त्याच्याच उजेडात टाइप करतोय :)

तिसरा प्रकार म्हणजे क्लासमधून आलेला तो ठिपकेवाला. तो संकरित निघाला. कॅसिओने २०१० मध्ये हा प्रकार बाजारात आणला. पारा नको, दिवा बदलायला नको, २०,००० तास चालेल, असं त्याचं कौतुक होतं. त्याच्या पोटात लाल रंगासाठी एलईडी असतो आणि निळ्यासाठी लेझर डायोड. तोच निळा लेझर फॉस्फर लावलेल्या फिरत्या चकतीवर पडला की हिरवा उजेड तयार होतो. या जातीच्या काही मॉडेलांत असे २४ डायोड असतात, प्रत्येक साधारण एक वॅटचा. पितळी ठोकळ्यात ओळीने बसवलेले, प्रत्येकापुढे छोटंसं भिंग. दिसायला इतकं देखणं की मी ते बायकोलाही नेऊन दाखवलं. (तिने "छान" म्हटलं. ज्यांची लग्नं झालीत त्यांना त्या "छान"चा अर्थ कळेल.)

म्हणजे एकाच डब्यात एलईडी आणि लेझर, शेजारी शेजारी. आणि मला जे म्हणायचंय ते नेमकं या शेजारातच आहे.

ही बातमी माझ्या भाच्यापर्यंत पोचली. तो त्यांच्या गल्लीच्या मंडळात आहे. शिवजयंतीला पंधरा दिवस राहिले होते. संध्याकाळी स्वारी हजर.

"मामा, यातून बीम निघंल ना?"

"निघेल."

"मग करून द्या ना आपल्या मंडळाला. भाड्याच्या लेझरला किती पैसे घेतात माहितेय का? क्रांती चौकात आपली गाडी आली की महाराजांच्या मागून असे निळे पट्टे जायला पाहिजेत आभाळात."

खरं सांगतो, मला मोह झाला. आपण केलेली वस्तू क्रांती चौकात, मिरवणुकीच्या रात्री, हजारो लोकांसमोर चालणार! ऑफिसात वर्षभर लिहिलेला कोड कोण बघतं? मी "बघतो" म्हणालो. त्या "बघतो"चा अर्थ "हो" होता.

पुढच्या शनिवारी खोलीचं दार लावून एक डायोड सुटा केला. चष्मा मागवला होता, ४४५ नॅनोमीटरला चालणारा. करंट कमी ठेवला, समोर भिंतीला काळा पुठ्ठा लावला. ठिपका पडला आणि पुठ्ठ्यातून बारीक धूर निघाला. शाळेत भिंगाने कागद जाळल्यावर झाला होता तेवढाच आनंद झाला. डायोडची दिशा जराशी बदलायला गेलो तर टेबलावरची स्टीलची पट्टी मध्ये आली. आणि त्याच क्षणी दार उघडून माझी सात वर्षांची मुलगी आत आली. "बाबा, जेवायला चला."

पट्टीवरून उसळलेली निळी रेघ दारावर होती. तिच्या खांद्याच्या जरा वर.

हात मारून प्लग काढला. तिला काही झालं नाही. तिला काही कळलंही नाही. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता, तिच्या नव्हता, आणि दाराला आतून कडी लावायचं मी विसरलो होतो. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिशोब मांडला, जो खरं तर आधी मांडायला हवा होता. साध्या भिंगाने सरळ केलेला एक वॅटचा झोत ५० मीटरवर पसरून साधारण साडेसात सेंटिमीटरचा ठिपका होतो असं धरू. रात्री आपल्या डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. त्या ठिपक्यात कुणाचा डोळा आला तर आत जाणारी शक्ती भरते सुमारे ९ मिलिवॅट. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात दिसणारा झोत डोळ्याला इजा करणार नाही याची मर्यादा मानतात १ मिलिवॅट. म्हणजे ५० मीटर लांबूनही नऊपट! आणि हा एकच डायोड. भाच्याला हवे होते सहा.

त्यात निळ्या लेझरची आणखी एक लबाडी आहे. हिरव्याला डोळा जेवढा दाद देतो त्याच्या जेमतेम ३ टक्के दाद तो ४४५ नॅनोमीटरच्या निळ्याला देतो. म्हणजे हा उजेड असतो त्यापेक्षा खूपच सौम्य दिसतो. माणूस "काही एवढा नाही" म्हणून बघत राहतो.

एलईडीचं असं होत नाही. तोही टक लावून बघायची गोष्ट नाही, पण त्याचा उजेड चहूकडे पसरतो, लांब गेलं की झपाट्याने विरतो, आणि डोळ्याच्या भिंगाला तो सुईच्या टोकाएवढ्या जागेत गोळा करता येत नाही. लेझरचा येतो. पडद्यामागच्या नेत्रपटलावर तो इतक्या बारीक ठिकाणी एकवटतो की तिथे भाजतं. आणि नेत्रपटल कातडीसारखं पुन्हा भरून येत नाही.

मग प्रोजेक्टरमध्ये तोच लेझर वर्षानुवर्षं वर्गातल्या पोरांसमोर कसा चालला? कारण डब्यातून लेझर कधी थेट बाहेर येतच नव्हता. तो फॉस्फरवर आपटत होता, डिफ्यूझरमधून विस्कटत होता, नळीतून, आरशांवरून, भिंगांतून जाऊन शेवटी चार-सहा फुटांच्या पडद्यावर पसरत होता. अशा सोयी डब्यात असतात की झाकण उघडलं तर सप्लाय तुटावा. हे सगळं मी एका संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हरने काढून बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "वा, काय मस्त पार्ट मिळाला!"

आपल्या धंद्यातले लोक हे वाचत असतील त्यांना एक गोष्ट आठवेल. ४ जून १९९६, एरियन ५ या रॉकेटचं पहिलं उड्डाण. दिशा राखणाऱ्या यंत्रणेतला कोड एरियन ४ मधून जसाच्या तसा उचललेला. चांगला, तपासलेला, वर्षानुवर्षं चाललेला कोड. पण नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, तो आकडा १६ बिटांत मावला नाही, आणि सुमारे ४० सेकंदांत सगळं खलास. कोडमध्ये चूक होती असं म्हणणं अवघड आहे. तो ज्या रॉकेटसाठी लिहिला होता तिथे तो बरोबरच होता. उचलताना त्याच्याभोवतीची गृहीतकं तिकडेच राहिली.

माझं मत एवढंच आहे. जुना पार्ट वापरा, जरूर वापरा. पण पार्ट उचलताना तो ज्या डब्यात होता त्या डब्याची जबाबदारीही आपण उचलतो. ती पेलता येत असेल तरच हात घाला. एलईडीच्या बाबतीत ती जबाबदारी म्हणजे हीटसिंक, ड्रायव्हर आणि एक डिफ्यूझर. घरी बसून पेलते. एक वॅटच्या लेझरची जबाबदारी म्हणजे बंद डबा, झाकणाला कट-ऑफ, झोताच्या प्रत्येक इंचाचा हिशोब. जगात जिथे लेझर शो रीतसर होतात तिथे, उदाहरणार्थ अमेरिकेत, लोक उभे असतात त्या पातळीच्या किमान ३ मीटर वरून झोत जावा लागतो आणि चालवणाऱ्याच्या हाताशी बंद करायचं बटण असतं. मिरवणुकीच्या हलत्या ट्रॉलीवर, खड्ड्यातून जाताना, यातलं काय शक्य आहे?

आणि हे काही पुस्तकी भय नाही. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे तरुण मुलं आली, नजर अंधुक झाली म्हणून. तपासलं तर नेत्रपटलाला इजा. आदल्या रात्री सगळी लेझरच्या मिरवणुकीत नाचली होती. २०२४ मध्ये कोल्हापूरजवळ उचगावला गणपतीच्या आगमन मिरवणुकीत बंदोबस्तावरच्या पोलिसाच्याच डोळ्याला इजा झाली. त्याच वर्षी पुण्यात पोलिसांनी उत्सवापुरती लेझरवर बंदी घातली. अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची जनहित याचिका ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आली. न्यायालयाने ती निकाली काढली आणि भारतीय न्याय संहितेखाली तक्रार करण्याचा मार्ग दाखवला. म्हणजे आधी इजा, मग तक्रार. तक्रार करायला जाताना कुणाचा तरी हात धरून जायचं का?

मंडळाच्या पोरांना शिव्या देणं सोपं आहे. बरेच जण तेच करतात. पण पोरं काय मागतात? आपला देखावा उठून दिसावा, एवढंच. त्यांना मिलिवॅट माहीत नसतात. मला माहीत होते. तरी मी "बघतो" म्हणालोच ना? "करता येतं" आणि "करावं" यातला फरक सांगायचं काम ज्याला करता येतं त्याचंच आहे.

भाच्याला रविवारी बोलावलं आणि सरळ क्रांती चौकात घेऊन गेलो. आमच्याकडे ज्यांनी तो चौक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. १८५७ च्या उठावातल्या शिपायांना जिथे मारलं तो काळा चबुतरा इथलाच, चौकाचं नाव त्यावरून. जालना रोडवर उड्डाणपूल झाला तसा महाराजांचा जुना पुतळा त्याच्यापुढे ठेंगणा वाटू लागला, म्हणून चौथरा उंच करून नवा २१ फुटी अश्वारूढ पुतळा बसवला. १८ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री त्याचं अनावरण झालं.

"कुठं मारणार बीम?" मी विचारलं.

"वर. आभाळात. लोकांच्या डोळ्यात कशाला मारू मामा?"

"वर काय आहे बघ."

वर उड्डाणपूल. त्यावरून दुचाकी, रिक्षा, बस चाललेल्या. ट्रॉलीवरून तिरपा वर मारलेला झोत पुलावरच्या माणसाच्या बरोबर डोळ्यांच्या उंचीवर जातो. ४० च्या वेगाने चाललेल्या गाडीवाल्याला नुसतं क्षणभर दिपवलं तरी पुरे. पुलाच्याही वरून मारू म्हटलं तर याच रस्त्याने पुढे चिकलठाण्याचं विमानतळ.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाकीची मंडळं लावणारच आहेत."

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी त्याला शनिवारची गोष्ट सांगितली. पट्टी, दार, पोरगी. आकडे सांगितलेच नाहीत. तो एकदम म्हणाला, "राहू द्या मामा. नको."

पण नुसतं "नको" म्हणून भागत नाही. उत्सव पंधरवड्यावर आला असताना पोराला रिकाम्या हाती परत पाठवलं तर तो भाड्याचा लेझर आणणार, हे उघड आहे. म्हणून त्याच ठिपकेवाल्यातला लाल एलईडी काढला. बाजारातून आणखी दोन मेलेले पांढऱ्या एलईडीचे प्रोजेक्टर आणले. तिघांना हीटसिंक, ड्रायव्हर, पंखा आणि पुढे दुधी ॲक्रिलिक. लाल आणि पांढरा योग्य प्रमाणात मिसळला की छान उबदार भगव्याकडे झुकणारा रंग मिळतो. हा उजेड लोकांवर मारायचाच नाही. खालून देखाव्यावर, तटबंदीच्या कापडावर, झेंड्यांवर सोडायचा. मंडळाच्या चार पोरांनी दोन रात्री बसून सोल्डरिंग केलं. एकाने हात भाजून घेतला, बाकी निर्विघ्न.

१९ तारखेला रात्री क्रांती चौकात उभा होतो. खोटं सांगणार नाही, आमचा देखावा सगळ्यात झगमगीत नव्हता. पुढच्या एका ट्रॉलीवर लेझर होता आणि पोरं त्याच्याकडेच मोबाइल धरून होती. (कॅमेऱ्याचा सेन्सरही त्याने जातो, पण तेव्हा कोण ऐकतंय!) आमच्या भगव्या उजेडातली तटबंदी मात्र लांबून खरीच दगडी वाटत होती. एक आजोबा थांबून बघत होते, तेवढ्यावर मी खूश.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी टेबलावरच्या हिशोबात नव्हती. गर्दीत सगळ्यात उंच कोण असतं? बापाच्या खांद्यावर बसलेली लहान पोरं. लोकांच्या डोक्यावरून जाणारा झोत पहिल्यांदा त्यांच्याच डोळ्यांपर्यंत पोचतो.

ते २४ डायोड अजून माझ्याकडे आहेत. सगळ्यांची पायं शॉर्ट करून, चिकटपट्टीत गुंडाळून डब्यात ठेवलेत. पुढच्या आठवड्यात ई-कचऱ्यात देणार आहे. भाच्याने परवा विचारलं, "मामा, गणपतीला काय?" आता सहा-सात महिने हातात आहेत. कुणाकडे चित्र गेलेला, पण उजेड शाबूत असलेला एलईडीवाला प्रोजेक्टर पडून असेल तर कळवा. येऊन घेऊन जातो.